जैसे थे

मिक्सर सुरू झाला की जुई आपली राहत नाही, हे हर्षलाच्या लक्षात यायला पाच महिने लागले.

तो रविवार होता. ओट्यावर शेंगदाण्याची चटणी वाटली जात होती, कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या आणि बाहेरच्या खोलीत हर्षलाच्या नवऱ्याने, मंदारने, क्रिकेटचा सामना लावलेला होता. दोन वर्षांची जुई फरशीवर बसून एका वाटीत दुसरी वाटी घालत होती. कानामागे तिचं ते इवलंसं यंत्र, त्यावर हिरवा दिवा. हर्षला दारात उकिडवी बसली आणि हात पसरून म्हणाली, "जुई, ये बाळा." जुईने वर पाहिलं नाही. हर्षलाने पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने. तरी नाही. तेवढ्यात सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या वृषालीवहिनी मागे न वळता, अगदी सहज म्हणाल्या, "जुई, वाटी दे गं काकूला." जुई उठली, हर्षलाच्या पसरलेल्या हातांना वळसा घालून धावत गेली आणि तिने वहिनींच्या साडीला मिठी मारली.

"आली बघ चोरटी," वहिनी हसल्या.

हर्षलाही हसली. अशा वेळी हसावं लागतं. पण हात खाली घ्यायला तिला जरा वेळ लागला.

वृषालीवहिनी म्हणजे हर्षलाच्या थोरल्या जाऊबाई. सांगलीत विश्रामबागेच्या त्या इमारतीत मगदूम भावांची दोन बिऱ्हाडं होती, खाली थोरलं, वर धाकटं. वहिनींचा मुलगा पुण्याला शिकायला गेल्यापासून त्यांचा दिवस मोकळा होता, आणि हर्षला दूध संघाच्या लॅबमध्ये तपासनीस होती. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा जुई वहिनींकडे असे. सगळ्यांच्या सोयीची व्यवस्था होती. हर्षलाच्याही. म्हणून तर तिला कुणाकडे तक्रार करता येत नव्हती.

त्या दुपारी तिने मंदारला विचारलं, "तुला नाही वाटत, ती वहिनींचं जास्त ऐकते?"

"वहिनींचा आवाज बघ की. गल्लीच्या टोकाच्या भाजीवाल्याला खिडकीतून थांबवतात त्या. तुझा आपला बारीक."

"म्हणजे माझाच दोष."

"असं कधी म्हणालो मी? सीसीटीव्ही, जरा बंद हो. रविवार आहे."

सीसीटीव्ही हे तिचं घरातलं नाव होतं. जुईचं खाणं, झोप, नवे शब्द, यंत्राची बॅटरी, सगळं ती एका वहीत लिहायची. जन्मल्यानंतर तिसऱ्या महिन्यात मागे थाळी आपटली तरी पोर दचकत नाही, हे पहिल्यांदा तिनेच पाहिलं होतं आणि तेव्हाही घरच्यांनी तिला बंद व्हायलाच सांगितलं होतं. त्यामुळे या वेळी तिने कुणाला न सांगता लॅबमध्ये करायची तेच केलं. नमुना दोनदा तपासला. घरात शांतता असताना दहा वेळा तिने हाक मारली, दहा वेळा काही ना काही निमित्ताने वहिनींना मारायला लावली. मग मिक्सर लावून तसंच. शांततेत जुई हर्षलाकडे नऊ वेळा वळली, वहिनींकडे आठ वेळा. मिक्सर चालू असताना वहिनींकडे नऊ वेळा. हर्षलाकडे एकदा, आणि तेही बहुधा पोळीचा तुकडा दिसला म्हणून.

दुधात असे आकडे आले असते तर तिने अख्खा टँकर परत पाठवला असता.

"वहिनी, तुम्ही यंत्राच्या अॅपमध्ये काही बदललंत का?" तिने दुसऱ्या दिवशी जुईची पिशवी देता देता विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवून.

"मला काय कळतंय त्यातलं? हिरवा दिवा लागलाय का, एवढंच बघते मी." वहिनींनी जुईला कडेवर घेतलं. "का गं?"

"काही नाही. सहज."

जुईने वहिनींच्या खांद्यावर मान टाकली. हर्षला दिवसभर दुधाच्या नळ्या हलवत राहिली आणि तिच्या डोळ्यांसमोरून तो खांदा हलला नाही.

*

ज्यांच्या घरात हे यंत्र नाही त्यांना वाटतं, ते चष्म्यासारखं असेल. लावलं की स्पष्ट. तसं नसतं. आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक वळलेली नळी असते. तिच्यातले बारीक केस ध्वनी पकडून मेंदूकडे पाठवतात. जुईचे ते केस जन्मतःच निकामी होते. म्हणून शस्त्रक्रिया करून त्या शंखात एक तार सरकवलेली होती आणि तिच्यावरची बावीस टोकं थेट नसेला टोचणी देत होती. हजारो केसांचं काम बावीस टोकांवर. घरात शांतता असली तर तेवढ्यावर भागतं. पण चार आवाज एकत्र आले की सगळ्याचा एकच लगदा होतो. तुम्ही-आम्ही लग्नाच्या मांडवातसुद्धा शेजारच्याचं बोलणं वेगळं काढतो, ते मेंदूच्या सरावाने. या मुलांना तो सराव नसतो. म्हणून यंत्रातली आज्ञावली त्यांच्या वतीने निवड करते. एक आवाज ओळखून ठेवते, गर्दीतून तेवढाच उचलते, बाकीचं खाली दाबते. त्या आवाजाला आधारस्वर म्हणत. पहिल्या तीन वर्षांत मेंदूला ऐकण्याचं वळण लागतं आणि ते लागतं या एका आवाजाला धरून.

तो आवाज आईचा असावा, हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

यंत्र पहिल्यांदा सुरू केलं तो ऑक्टोबरमधला दिवस हर्षलाला विसरणं शक्य नव्हतं. मिरजेच्या त्या केंद्रात जुईने आयुष्यातला पहिला आवाज ऐकला, चेहरा वेडावाकडा करून ती रडली आणि तिच्याबरोबर हर्षलाही. आधारस्वरासाठी एक मिनिट काहीही बोला, असं तंत्रज्ञ म्हणाला. हर्षलाच्या घशातून हुंदक्यांशिवाय काही निघेना. यंत्राने तीनदा नमुना नाकारला. "तात्पुरता कुणाचाही चालेल," तो म्हणाला. "पंधरवड्यात नवी आवृत्ती येतेय, तेव्हा तुमचा घालू." सोबत आलेल्या वहिनी पुढे झाल्या आणि त्यांनी एक मिनिटभर तोंडल्याची भाजी कशी करावी ते सांगितलं. पंधरा दिवसांनी नवी आवृत्ती आली. हर्षलाने आपला आवाज भरला. अॅपने सांगितलं, आधारस्वर: आई, जतन झाला.

मग मिक्सर लागल्यावर जुईच्या कानात ही दुसरी बाई कोण?

*

"चाचण्या उत्तम आहेत, ताई," केंद्रातला तंत्रज्ञ अभिराम चौगुले म्हणाला. शर्टाच्या खिशात दोन पेनं असलेला, कुणालाही न घाबरवता बोलायची सवय लावून घेतलेला तिशीतला माणूस. "तुमच्या आवाजाला ती मस्त दाद देतेय."

"ही खोली आवाजबंद आहे. माझी मुलगी अशा खोलीत राहत नाही. तिच्या घरात मिक्सर आहे."

तिने फोनवर भरून आणलेला मिक्सरचा आवाज त्याच्यासमोर ठेवला. चौगुले हसला, पण त्याने तो लावला. मग पडद्यावरच्या रेघा पाहता पाहता त्याचं हसू गेलं. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावर एक उलटं झाड उघडलं. वर एक नाव, खाली फांद्या, फांद्यांना फांद्या.

"हे तुमच्या जुईच्या कानात आहे. दोनशे चौदा पॅकेजं."

"एवढी?"

"तुम्ही पावभाजी करता, तेव्हा मसाला विकतचा आणता की नाही? मसालेवाला धने दुसऱ्याकडून घेतो, मिरची तिसऱ्याकडून. अख्खं कुणीच करत नाही. पॅकेज म्हणजे असा एकेक तयार पुडा. आणि एक पुडा दुसऱ्यावर अवलंबून असतो. या दोनशे चौदांतले अकरा आमचे."

"आणि बाकीचे?"

"जगभर पसरलेल्या लोकांचे. काहींची नावंही मला माहीत नाहीत."

हर्षलाने मांडीवरच्या जुईला जरा जवळ ओढलं. आपल्या पोरीच्या डोक्यात दोनशे तीन अनोळखी माणसांचा हात आहे, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"प्रत्येक पुड्यावर तीन आकडे असतात," चौगुले सांगत होता. "शेवटचा वाढला, तर बारीकशी दुरुस्ती. मधला वाढला, तर काहीतरी नवीन आलं, पण जुनं तसंच आहे. पहिला आकडा वाढला, की सांभाळायचं. चव बदललीय. जुन्या कृतीत ती चालेलच असं नाही. आता हे बघा. आधारस्वर नावाचं पॅकेज दुसऱ्या आवृत्तीवरून तिसरीवर गेलं, तेव्हा तुम्ही तुमचा आवाज भरलात. बरोबर? त्याच्यावर दोघं अवलंबून आहेत. एक बोलसराव, तो शांततेत चालतो. दुसरी गोंगाट-गाळणी. आवाज वाढला की ती पुढे होते."

"मग?"

"बोलसराव नवा झाला. त्याला तिसरा आधारस्वर हवा होता, मिळाला. गाळणी नवी झालीच नाही. तिला दुसऱ्या आवृत्तीचाच चालतो. यंत्राने भांडण मिटवलं. पाहुण्यांत एकाला बिनसाखरेचा चहा लागतो, तेव्हा आपण काय करतो? दोन पातेली ठेवतो. तसे यात दोन आधारस्वर आहेत. एकात तुमचा आवाज. आणि जुन्यात..."

"तोंडल्याची भाजी," हर्षला म्हणाली.

"काय?"

"काही नाही. म्हणजे गोंगाटात माझा आवाज तिला..."

"गाळणीच्या लेखी तो बाकीच्या आवाजांतलाच एक, ताई. ती तो खाली दाबते."

"म्हणजे मी मिक्सर."

चौगुलेने एक पेन काढून पुन्हा खिशात ठेवलं.

"गाळणी नवी का झाली नाही?" तिने विचारलं. विचारतानाच तिला वाटत होतं, आता वहिनींचं नाव निघणार. निघावंच, असंही वाटत होतं.

"तिच्यापुढे 'जैसे थे' लावलंय. कुलूप असतं ते. आज जी आवृत्ती चालू आहे तीच राहू दे, कितीही नवीन आलं तरी हात लावू नको. बरं असतं कधी कधी. आम्हीही वापरतो. पण एकाच फांदीला लावलं आणि बाकीचं झाड वाढू दिलं, की असं होतं." त्याने पडद्यावर बोट सरकवलं. "अकरा ऑक्टोबर. आईचा अंगठा."

हर्षलाला एकदम ती दुपार आठवली. पालकांच्या 'कानगोष्टी' नावाच्या ग्रुपवर लातूरच्या एका आईने लिहिलं होतं, गोंगाट-गाळणीची नवी आवृत्ती घेऊ नका, आमच्या मुलाच्या कानात दिवसभर टूंऽऽ वाजत होतं. खाली चाळीस हात जोडलेले. हर्षलाने जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता, सेटिंग शोधून काढलं होतं आणि त्या एकाच नावासमोर 'जैसे थे' दाबलं होतं. चालतंय ना, मग छेडायचं नाही. लॅबमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. त्या दिवशी आपण पोरीला वाचवलं, असं ती किती दिवस धरून चालली होती.

पण राग स्वतःवर यायला हवा होता, तो आला नाही. पाच महिने ज्या खांद्यावर जुईने मान टाकली, त्या खांद्यावरच तो पुन्हा जाऊन बसला.

"जुना काढून टाकता येईल?"

"येईल. कुलूप उघडू, गाळणी नवी करू, दोघांना एकच आधारस्वर. पण मेंदूला पाच महिन्यांची सवय आहे. तो काही फोन नाही, आज हे उद्या ते करायला. एकदा बदललं की नीट रुळू द्यायचं." त्याने फॉर्म उघडला. "जुना नमुना पुसला की परत येत नाही, खासगी आवाज आम्ही साठवत नाही. एक विचारायचं राहिलं. दिवसा, म्हणजे घरात वर्दळ असते त्या वेळेत, बाळाजवळ जास्त कोण असतं? त्याच माणसाचा आवाज ठेवतो आम्ही. आईच असायला हवी असं नाही."

जुई तिच्या गळ्यातल्या मंगळसूत्राच्या वाट्या एकमेकींवर वाजवत होती.

"मीच असते," हर्षला म्हणाली.

"खाली काकू राहतात म्हणाला होतात मागे..."

"असतात अधूनमधून."

चौगुलेने खूण केली आणि फॉर्म तिच्यापुढे सरकवला. हर्षलाने अंगठा लावला.

*

पहिले आठ-दहा दिवस जुई गडबडलेली होती. मग एका शनिवारी बाजारात, लाउडस्पीकरवर कलिंगडाचा भाव ओरडला जात असताना, हर्षलाने नुसतं "जुई" म्हटलं आणि पोरीने मान वळवून थेट तिच्याकडे पाहिलं. हर्षला तिथेच, कोथिंबिरीच्या ढिगापाशी, गुडघ्यांवर बसली. साडी चिखलात. तिला कशाचं काही नव्हतं.

एप्रिलअखेर मंदारच्या मामेबहिणीच्या बाळाचं बारसं झालं. हॉलमध्ये शंभर बायका, पाळण्याची गाणी, ताटांचा खणखणाट. वहिनी घुगऱ्यांची वाटी घेऊन आल्या. "जुई, इकडे बघ गं. काकूकडे ये." जुई फुग्याच्या दोरीशी खेळत राहिली. "ए जुये." नाही. सगळ्यांच्या देखत वहिनींनी चौथ्यांदा हाक मारली तेव्हा हर्षलाने, हळूच, आपल्या त्या बारीक आवाजात म्हटलं, "जुई, काकूकडे जा." जुई लगेच वळली. आधी आईकडे, मग काकूकडे.

"आईची शिफारस लागते वाटतं आता," कुणीतरी म्हणालं. बायका हसल्या.

वहिनींनी पदर सारखा केला. "बरंय की," त्या म्हणाल्या आणि वाढपाला निघून गेल्या.

हर्षलाने त्या दिवशी दोन वेळा बासुंदी घेतली. एवढी गोड तिला कधी लागली नव्हती.

वहीत मात्र काहीतरी बिनसत होतं. मार्चअखेर जुईचे चौसष्ट शब्द होते आणि दर आठवड्याला चार-पाच नवे येत. एप्रिलमध्ये एकही आला नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात ती पाण्याला 'पा' म्हणायची थांबली आणि माठाकडे बोट दाखवू लागली. सवय बदलतेय, हर्षलाने स्वतःला सांगितलं. चौगुलेने सांगितलंच होतं. ती संध्याकाळी सहा ते आठ पोरीशी अखंड बोलत राहायची. पोर मन लावून ऐकायची. आठ वाजता झोपायची.

दिवसाचे उरलेले तास हर्षला वहीत लिहीत नव्हती.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात लॅबमधलं यंत्र बंद पडलं आणि ती दुपारी दोनलाच घरी आली. चालकाविना चालणाऱ्या रिक्षातून उतरताना अंगाची लाही होत होती. वहिनींचं दार लोटलेलं होतं. तिने ते आवाज न करता ढकललं. सवयच होती तिची ती.

आत भट्टी होती. सगळ्या खिडक्या बंद. पंखा बंद. कूलरचा स्विचही बंद. स्वयंपाकघरात शुकशुकाट, ओटा कोरडा. खोलीच्या मधोमध वहिनी गुडघ्यांवर बसल्या होत्या, जुईच्या तोंडासमोर तोंड आणून. ब्लाउज पाठीला चिकटलेलं. "पा-णी," त्या म्हणत होत्या. आवाज पार फुटलेला. "पाणी म्हण. म्हण की गं, राणी. पा-णी."

जुई त्यांच्या ओठांकडे बघत होती.

हर्षलाच्या मनात सर्वात आधी आलं ते हे: एवढा घाम मी कधी गाळला तिच्यासाठी? आणि ते मायेने आलं नव्हतं, जळून आलं होतं. ही बाई हरल्यावरसुद्धा आपल्या पुढेच.

"अगं, लवकर आलीस?" वहिनी धडपडत उठल्या आणि पंखा लावला. जुईने लगेच मान फिरवून वाट्या ओढल्या. "पंख्याचा आवाज झाला तरी तिला माझं ऐकू येत नाही. स्वयंपाक मी पहाटेच उरकते, मिक्सर नको, कुकर नको. तरी बघ." त्यांनी गळ्यावर बोटं टेकवली. "घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. म्हटलं, माझ्याच आवाजाला काहीतरी झालंय. मार्चमध्ये दाढेवर टोपी बसवली ना, तेव्हापासून उच्चार बदलला असेल. ते म्हणतात, घसा बसलाय, बाकी काही नाही. मिठाच्या गुळण्या करतेय."

"कधीपासून?"

"महिना झाला की. तुला सांगणार होते. म्हटलं, तुझ्या जिवाला आधीच घोर."

हर्षला खाली बसली. मग तिने सांगितलं. मिक्सर, गाळणी, दोन आधारस्वर, अकरा ऑक्टोबरचा अंगठा. आणि फॉर्मवरचा प्रश्न, आणि तिचं उत्तर. सांगताना ती फरशीकडे बघत होती.

वहिनींनी पदराने मानेवरचा घाम पुसला.

"महिनाभर गुळण्या करतेय मी," मग त्या म्हणाल्या.

"वहिनी..."

"बारशात चार वेळा हाक मारली. शंभर बायकांत. तू उभी होतीस शेजारी. तुला ठाऊक होतं."

"होय."

"मजा आली?"

हर्षलाने मान हलवली. नाही म्हणून हलवायची होती, पण ती होकारार्थीच हलली.

"मला विचारायचंस तरी. मी काय नाही म्हणणार होते? स्वतः आले असते तुझ्याबरोबर आणि म्हटलं असतं, पुसा माझा."

"म्हणूनच नाही विचारलं," हर्षला म्हणाली. "तुम्ही लगेच दिला असतात. मला तो तुमच्याकडून मिळायला नको होता."

वहिनींनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू इतकी वर्षं वरच्या मजल्यावर कोण राहतं ते त्यांना आत्ता कळलं. "पोर महिनाभर बहिरी बसली माझ्या घरात," त्या म्हणाल्या. "तुझ्या दोन तासांपायी." आणि उठून आत गेल्या. नळ वाहत राहिल्याचा आवाज येत होता.

*

"दोन आवाज नाही ठेवता येणार?" मंदारने विचारलं. दुसऱ्या दिवशी तोही मिरजेला आला होता.

"सकाळी एक, संध्याकाळी एक असं केलं तर मेंदूला कोणताच धरता येत नाही," चौगुले म्हणाला. तो आता हर्षलाकडे पाहत नव्हता. "एकदा आणखी बदलता येईल. मग ती तीन वर्षांची होईपर्यंत नाही. फॉर्म खरा भरला असता तर हे झालंच नसतं, ताई. ठरवा. ज्याच्याजवळ ती असते, त्याचा आवाज."

परतताना मंदार म्हणाला, "मी काही बोलत नाही. तू म्हणशील ते."

नोकरी सोडता आली असती. हर्षलाने राजीनामा फोनवर लिहूनही ठेवला. चार ओळींचा, नीट. मग ती जुईशेजारी बसली आणि तिने डोळे मिटून तो दिवस डोळ्यांसमोर आणला: नऊ वाजलेत, ती घरी आहे, खालचं दार बंद आहे. त्यात तिला जुई दिसलीच नाही. दिसलं ते खालचं बंद दार, आणि त्याच्या मागे वहिनी. तिला तेच बघून बरं वाटत होतं. तिने चार ओळी पुसल्या. मग वही काढून चौसष्ट शब्द पहिल्यापासून वाचले. वाटी, पा, चिऊ, गरम, दे, बस, अग्गं. त्यातले निम्मे तिने कधी शिकवलेच नव्हते. 'अग्गं' तर तिच्या माहेरच्या सात पिढ्यांत कुणी म्हणत नाही.

ती खाली गेली.

"नमुना पुसला गेलाय. पुन्हा भरावा लागेल," ती दारातूनच म्हणाली. "तुमचा."

वहिनी भाजी निवडत होत्या. "घसा बसलाय माझा."

"बरा होईपर्यंत थांबते."

"आणि उद्या पुन्हा पोटात दुखलं तुझ्या, म्हणजे?"

"दुखेल," हर्षला म्हणाली. "रोजच दुखेल. पण अंगठा नाही लावणार."

वहिनींनी गवारीची एक शेंग मोडली, शिरा काढली. "नोकरी सोडायचं डोक्यात घेऊ नकोस माझ्यावर रुसून," एवढंच म्हणाल्या. पुढचे आठ दिवस त्या जुईसाठी दार उघडायच्या, पिशवी घ्यायच्या आणि हर्षलाशी कामापुरतंच बोलायच्या. नवव्या दिवशी त्यांनीच सांगितलं, "आज ठीक आहे आवाज."

वहिनींच्या आतल्या खोलीत दार लावून, पंखा बंद करून दोघी पलंगावर बसल्या. मंदार जुईला घेऊन वर गेला होता. नव्या आवृत्तीत मनाचं काही बोलून चालत नसे. ठरलेल्या आठ ओळी वाचाव्या लागत, त्यातल्या एकेका अक्षरावरून यंत्र आवाजाची घडण मोजायचं. एक शब्द बदलला, मध्ये श्वास अडखळला, की नमुना रद्द. हर्षलाला त्या आठही ओळी पाठ होत्या. पण त्यांत काय आहे ते तिने आधी सांगितलं नाही. तिने फोन वहिनींच्या हातात दिला आणि बटण दाबलं.

वहिनी चष्मा लावून वाचू लागल्या. चिमणी, बाग, पाऊस, झोका. चांगला, भरघोस आवाज. पाचव्या ओळीवर त्या थांबल्या. पडद्यावर लाल फुली आली.

"काय झालं?" हर्षलाने विचारलं, जणू तिला माहीत नव्हतं.

वहिनींनी फोन तिच्याकडे वळवला. पाचवी ओळ होती: घाबरू नकोस, आई इथेच आहे.

"हे 'काकू' करता येत नाही?"

"नाही."

"मग गाळून?"

"नाही, वहिनी."

पुन्हा सुरुवात झाली. चिमणी, बाग, पाऊस, झोका. घाबरू नकोस, आणि वहिनींचा आवाज पुन्हा खाली गेला, लाल फुली. तिसऱ्यांदाही तसंच. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला.

"मला नाही म्हणवत गं ते. तू समोर बसलीयस."

हर्षला उठू शकली असती. बाहेर जाऊन दार लावून घेता आलं असतं, ती उठलीही होती अर्धी. मग ती पुन्हा बसली. आपल्या माघारी ते वाक्य म्हटलं गेलेलं तिला नको होतं. आपल्यासमोरच व्हायला हवं होतं ते, आपल्या हाताने. तिने वहिनींच्या हातातला फोन घेतला आणि स्वतःच त्यांच्या तोंडासमोर धरला. फोन हलू नये म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवला.

"मला काही वाटत नाही," ती म्हणाली. ते खोटं होतं, आणि या वेळी ते दोघींनाही माहीत होतं. "तिथे अडखळू नका. सलग म्हणा."

तिने बटण दाबलं आणि श्वास रोखून धरला, कारण नमुन्यात दुसऱ्या कुणाचा आवाज आलेला चालत नाही.